कॉईल घासूलीय? आधी जुना एक्स-रे शोध

भावा, गणपती झाल्यापासून मंडळाच्या बारा इंची वूफरमधून खर्र खर्र येतंय, घरी दुरुस्तीला हत्यारं कुठली घेऊ म्हणून विचारलास, तर पहिलं सांगतो, काय पण विकत घेऊ नको. मल्टिमीटर ओहमवर लाव, ८ ओहमचा स्पीकर ६-७ ओहम दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर कॉईल (कोनच्या मागं मॅग्नेटच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी) उडाली, तो विषय वेगळा. रीडिंग बरोबर असेल तर दोन्ही हातांची बोटं कोनवर (पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर) समोरासमोर ठेवून सरळ खाली दाब, घासल्याचं हाताला कळतंयच.

मधली टोपी ब्लेडनं कापून काढ, तारा सोड, स्पायडर (कॉईलला मागून मधोमध धरणारी वळ्यावळ्यांची चकती) आणि कडेचा डिंक थिनरनं भिजवून कोन उचल (जुना डिंक हट्टी असतो, ओढाओढ करू नको). गॅपमधली (कॉईल बसते त्या फटीतली) लोखंडाची धूळ फुंकून निघत नाही, मॅग्नेट सोडतच नाही. व्हिजिटिंग कार्डाला दोन्ही बाजूनं चिकटणारी टेप गुंडाळ आणि फिरव. टाचणी, स्क्रूड्रायव्हर आत घालू नको.

खरं हत्यार म्हणजे शिम, कॉईल मधोमध धरणाऱ्या पातळ पट्ट्या. जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या काप, जाडी साधारण ०.२ मिमी असते, कॉईल आणि मधल्या पोलच्या (मॅग्नेटच्या मधल्या लोखंडी खांबाच्या) मध्ये चारी बाजूनं सारख्या सरकव, ढिल्या वाटल्या तर फाईलच्या पातळ प्लास्टिकची एक पट्टी वाढव. कॉईल नीट उभी राहिली की मग स्पायडर आणि कडा फेविबॉण्डनं चिकटव आणि पट्ट्या दुसऱ्या दिवशीच काढ, घाई केलास की परत तेच. टोपी लावायच्या आधी मोबाईलवरून ३० हर्ट्झचा टोन हळू आवाजात सोडून ऐक.

कॉईलच उडाली असेल तर रेडीमेड मिळते का बघ, मला तरी हातानं गुंडाळणं शेवटचा उपाय वाटतो. तरी करायचंच असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडून मापाचा लाकडी गोल करून घे, हँड ड्रिलला बसव, वेढे मोजायला साधा कॅल्क्युलेटर: '=' बटणाच्या दोन तारा रीड स्विचला (मॅग्नेट जवळ आला की जोडला जाणारा स्विच) जोड, लाकडी गोलावर छोटा मॅग्नेट चिकटव, १ + दाबून फिरवायला लाग, दर फेरीला एक वाढतो. लेयर दोनच ठेव, म्हणजे दोन्ही टोकं वर कोनच्या बाजूला निघतात. फॉर्मर (ज्यावर तार गुंडाळतात ती नळी) ॲल्युमिनियमचा असेल तर जोडावर फट ठेवायची, बंद रिंग झाली की ती शॉर्ट झालेल्या वेढ्यासारखी वागते आणि आवाज मरतो.

कॉईलचा आतला व्यास, उंची आणि जुने वेढे मोजून टाक, वायर कुठल्या गेजची (जाडीची) ते मग सांगतो.