ख्रिस्ती माणसं प्रेमाची शिकवण देतात, मग आपसांत इतकं का भांडतात?

तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्मा घेऊन दोनच वर्षं झाली आणि मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, भांडणं बघून मन विटलं. सगळीकडे असंच असतं का, मंडळी सोडू का?

असतं. सारवासारव करत नाही. प्रेषित पौलाच्या काळात ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीतही 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा' असे उपदेशकांच्या नावाने तट पडले होते, भाऊ भावावर फिर्याद करत होता. फिलिप्पैत युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं पटेना, म्हणून पौलाने पत्रात त्यांची नावं घेऊन विनवणी केली. ते पत्र मंडळीसमोर वाचताना दोघी तिथेच बसल्या असतील, हे मनात आलं की मला आजही अवघडल्यासारखं होतं.

सगळ्यात जास्त खुपतं ते १५२९ मधलं जर्मनीतलं मारबुर्ग. धर्मसुधारणेचे दोन नेते, जर्मनीचा ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा झ्विंग्ली, तिथे समोरासमोर आले. १५ पैकी १४ कलमांवर एकमत झालं. अडलं ते प्रभुभोजनावर, म्हणजे मंडळीने एकत्र भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीवर: भाकरीत ख्रिस्ताचं शरीर प्रत्यक्ष असतं की नाही. ल्यूथरने येशूचे 'हे माझे शरीर आहे' हे शब्द खडूने टेबलावर लिहिले आणि तो तसूभरही हटला नाही. झ्विंग्लीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ल्यूथरने त्याला भाऊ म्हणायला नकार दिला. ज्या मेजाभोवती एकत्र बसायचं, त्यावरूनच ताटातूट!

पैशावरून भांडणारा कधीतरी थकतो, तडजोड करतो. पण आपण देवाचं सत्य राखतोय असं एकदा वाटलं की माघार घेणं हाच विश्वासघात वाटू लागतो. रागाला मग आपण आवेश म्हणतो.

मीही यातून गेलोय. लहान मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही यावरून आमच्या मंडळीत फूट पडली. मंडळीच्या पुढाऱ्यांपैकी एका वडीलजनांशी मी वर्षभर बोललो नाही. प्रार्थनासभेत मात्र 'प्रभू, त्यांचे डोळे उघड' असं म्हणायचो, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. प्रार्थनेच्या नावाखाली टोमणा मारत होतो मी. पुढे त्यांची पत्नी आजारी पडली तेव्हा घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, काही न बोलता खुर्ची पुढे सरकवली. बाप्तिस्म्याबद्दल दोघांची मतं अजून तीच आहेत.

सोडायची तर सोडा मंडळी, त्यात पाप नाही. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबाही मार्काला सोबत न्यावं की नाही यावरून कडाडून भांडले आणि वेगळ्या वाटांनी गेले. त्याच पौलाने पुढे तुरुंगातून आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलं की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. फक्त जाण्याआधी, ज्याचा सर्वांत जास्त राग येतो त्या माणसाशी एकदा एकट्याने बोला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूने क्रमच सांगितलाय: आधी एकांतात, मग एकदोघांना बरोबर घेऊन, आणि त्यानंतर मंडळीसमोर. आमच्याकडे सुरुवातच मंडळीसमोर झाली होती.