सोलापुरात मुलांसाठी ना-नफा रोइंग (वल्हवण्याच्या खेळाची) संस्था काढता येईल का? सुरुवातीला कोणती बोट घ्यावी?

कोणतीच नको. पहिलं वर्षभर बोट घेऊच नका.

तुम्ही न्यूयॉर्कच्या संस्थेचं उदाहरण देऊन विचारलंय की शहरातल्या साध्या घरातल्या मुलांसाठी असं काही सोलापुरात जमेल का, आणि जमलं तर पाणी कुठलं, बोट कुठली. रो न्यूयॉर्क २००२ साली सुरू झाली. बोस्टनची कम्युनिटी रोइंग तर १९८५ पासून चार्ल्स नदीवर आहे. फोटोत त्यांची आठ जणांची लांबलचक बोट दिसते. पोहण्याची चाचणी, बोटीची शेड आणि शेजारून चालणारी मोटारबोट यांचे फोटो कोणी टाकत नाही. लंडन यूथ रोइंगकडे बघा. ते शाळांच्या हॉलमध्ये अर्गोमीटर, म्हणजे जमिनीवर वल्हवण्याचा सराव करायचं यंत्र, नेऊन मुलांना त्यावर बसवतात. आपण उचलायची ती ही गोष्ट.

‘आधी बोट’वाल्यांचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. संस्थेचं नाव घेत नाही. कार्यकारिणीत वाद एकच होता, आधी शेड की आधी बोट. वरिष्ठांचं म्हणणं, उद्घाटनाला पाण्यात बोट दिसली पाहिजे, देणगीदार शेडचा पत्रा बघायला येत नाहीत. मग एक जुनी डबल स्कल, म्हणजे दोघांनी वल्हवायची अरुंद बोट, आली. लांबी सुमारे १० मीटर, वजन जेमतेम ३० किलो, कवच इतकं पातळ की अंगठ्याने दाबलं तर जाणवावं. ती टेम्पोवर नायलॉनच्या दोराने करकचून बांधून आणली, गवताचा भारा आणतात तशी. दोर जिथे आवळला होता तिथे दोन्ही बाजूंना बोटभर खळगे.

रोइंगची बोट उलटी घालून नेतात. दोन आधार द्यायचे, दोन्ही टोकांपासून साधारण पाव-पाव लांबीवर, आणि आधारावर जाड काहीतरी गुंडाळायचं. आपल्याकडे जुन्या चादरींना तोटा नाही, फक्त ओल्या ठेवू नका. रुंद विणलेला पट्टा हाताने ओढून बसेल तेवढाच घट्ट करायचा. खटक्याने आवळणारं रॅचेट लावायचं नाही, ते कवच चेपतं. रिगर, म्हणजे वल्ही अडकवायचे बाजूचे दांडे, आधीच काढून वेगळे न्यायचे, त्यांचे नट-वॉशर एका डब्यात.

खरं नुकसान पुढे झालं. मे महिना, पारा ४२ च्या वर, आणि बोट उन्हात पडलेली, वर हवाबंद कप्प्यांची झाकणं घट्ट लावलेली. बोटीच्या दोन्ही टोकांना हे कप्पे असतात, बोट उलटली तरी बुडू नये म्हणून. पाण्यात असताना झाकणं लावायची, जमिनीवर असताना उघडायची, हा पहिल्या दिवशीचा नियम. बंद कप्प्यातली हवा उन्हात फुगते आणि जिथे सांधा कच्चा तिथून वाट काढते. इथे डेक आणि कवचाचा सांधा वीतभर उकलला. कोणाच्या लक्षात आलं नाही. पाण्यात उतरल्यावर वीसेक मिनिटांत बोटीचं नाक खाली जायला लागलं, तेव्हा कळलं.

त्यानंतर पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडून पॉलिस्टर रेझिनचं ठिगळ. मूळ बोट इपॉक्सीची. घट्ट झालेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही, ते पापुद्र्यासारखं सुटलं. करायला हवं होतं ते असं: कप्पा उघडा ठेवून पूर्ण वाळवायचा, कडा कागदाने घासायच्या, मग इपॉक्सी आणि काचेच्या पातळ कापडाचे दोन थर, खालच्यापेक्षा वरचा थोडा मोठा. शेड असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. शेड म्हणजे तरी काय, तिन्ही बाजूंनी वारा खेळेल असं छप्पर आणि कमरेच्या उंचीवर रॅक.

असो. तुमच्या प्रश्नाकडे येतो.

पहिल्या वर्षी पोहणं आणि अर्गोमीटर. अंगात टी-शर्ट-पँट असताना ५० मीटर पोहता आलं पाहिजे आणि खोल पाण्यात ५ मिनिटं तरंगता आलं पाहिजे. ज्याला येत नाही तो पाण्यावर जाणार नाही, मग तो नगरसेवकाचा मुलगा असला तरी. अर्गोमीटर दोन पुरतात, वीस मुलं आलटून-पालटून बसतात. यंत्राच्या बाजूची हवा कमी-जास्त करणारी दांडी १० वर नेऊन ताकद दाखवायची हौस सगळ्यांना असते, त्याने कंबर जाते. दांडी ३ ते ५ मध्ये ठेवा आणि पडद्यावर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे यंत्र किती जड लागतं तो आकडा, बघा. मुलांना १०० च्या आसपास ठीक. क्रम आधी पाय, मग पाठ, शेवटी हात, आणि परतताना बरोबर उलटा. पूर्व भागात, यंत्रमागाच्या जवळ हॉल घेतलात तर कापसाची तूस पंख्याच्या जाळीत बसते, हवा कमी शिरते आणि दांडी तिथेच असून ड्रॅग फॅक्टर घसरतो. मुलं म्हणतात मशीन हलकं झालं. जाळी साफ करा, सीटची पट्टी रोज पुसा, ५० तास चालल्यावर साखळीला चमचाभर तेल.

बोट दुसऱ्या वर्षी. तीही रुंद बुडाची, दिशा सांभाळणारा कॉक्स बसेल अशी चौघांची क्वाड. दोघं वल्ही पाण्यावर आडवी धरून तोल सांभाळतात, दोघं वल्हवतात. एकट्याची सिंगल स्कल पाण्यावर जेमतेम ३० सेंटीमीटर रुंद असते, नवशिक्याला ती देणं म्हणजे त्याला कायमचा घरी पाठवणं. बोटीत बसवलेल्या बुटांच्या टाचेला दोरी हवी, टाच ७ सेंटीमीटरपेक्षा वर उचलली जाता कामा नये, म्हणजे बोट उलटली की पाय आपोआप सुटतो. बोटीच्या पुढच्या टोकाला पांढरा रबरी चेंडू हवाच. बोट उलटली तर ती सोडून किनाऱ्याकडे पोहायचं नाही, तिलाच धरून थांबायचं.

पाण्याचं म्हणाल तर सिद्धेश्वर तलावाचा विचार सोडा, तो देवाचा आणि लहान. संभाजी तलाव शहरात आहे, पण जलपर्णी आली की बोटीच्या बुडाखालच्या फिनला (छोट्या पात्याला) गुंडाळते आणि वल्हं अडकलं की मूठ पोटात बसते. हिप्परगा तलाव मला सगळ्यात बरा वाटतो. मात्र पाणी ओसरलं की पक्का धक्का चिखलात उभा राहतो, म्हणून तरंगता धक्का लागेल, पाण्यापासून फार तर २० सेंटीमीटर उंच, नाहीतर रिगर आपटतात. उजनी धरण लांब, आणि पाणी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याखाली, गेलं की काठ कुठल्या कुठे जातो. शिवाय तिथला वळवाचा वारा. मे २०२४ मध्ये कुगाव–कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जण गेले. सकाळी नऊच्या आत सगळे पाण्यातून बाहेर, मार्चनंतर दुपारी कोणीही पाण्यावर नाही, आणि मोटारबोट सुरू नसेल तर एकही बोट सुटणार नाही. मोटारबोट चालवणाऱ्याच्या पायाला किल कॉर्ड, म्हणजे तो पडला की इंजिन बंद करणारी दोरी, बांधलेली हवी.

नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, सात जण आणि संस्थेची लेखी घटना. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्या, यात भलेभले अडकतात. आयकर खात्याची करसवलतीची नोंदणी (लोक तिला १२ए आणि ८०जी म्हणतात) झाल्याशिवाय कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीचं, नाव काढू नका. पाण्याची परवानगी वेगळी, जलसंपदा विभागाची, ती लेखी घ्या.

‘दुष्काळी भागात कसलं रोइंग’ असं कोणी म्हणालं तर दत्तू भोकनळचं नाव सांगा. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, गाव टंचाईचं. २०१६ ला रिओमध्ये सिंगल स्कलमध्ये तेरावा, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत क्वाडचं सुवर्ण. पण तो रोइंग शिकला सैन्यात, कुठल्या गावच्या क्लबात नाही, हेही सांगा.

एक राहिलंच. तुमच्याकडे सैन्यातून निवृत्त झालेला रोइंगचा प्रशिक्षक असेल तर वरचं एक वर्ष सहा महिन्यांवर आणायला हरकत नाही. शेड मात्र तरीही बोटीच्या आधीच.

ती डबल स्कल अजून आहे. कवच गेलं, पण चारही वल्ही सरळ आहेत, फक्त मुठीचे रबर बदलावे लागतील. रिगरही १० नंबरच्या पान्याने निघतात, गंजलेले नाहीत.