उत्तर लिहिलं, पण पोचलं का?

सत्रपरीक्षा जवळ आल्या की या सदराकडे येणारी बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची असतात: अभ्यास झाला होता, उत्तर येत होतं, पण ऐनवेळी मशीनने दगा दिला. यातल्या बहुतेक अडचणींचं कारण सापडतं आणि पुढच्या पेपरला ती टाळताही येते. काही पत्रं शिक्षकांचीही आहेत. त्यांची उत्तरं विद्यार्थ्यांनीही वाचावीत, कारण अर्धी दुरुस्ती त्यांच्याच हातात असते.

प्रश्न : आमची चाचणी मूडलवर (कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यास-परीक्षा प्रणालीवर) होती, वेळ ६० मिनिटं. लॉगिन होईना, म्हणून मला ११ वाजून १२ मिनिटांनी सुरुवात करता आली. घड्याळात ४८च मिनिटं दिसत होती आणि १२ वाजता पेपर आपोआप बंद झाला. माझी १२ मिनिटं कुठे गेली? (विद्यार्थिनी, बी.कॉम. दुसरं वर्ष, सातारा)

मूडलच्या चाचणीला दोन वेगवेगळ्या वेळा लावता येतात. 'टाइम लिमिट' म्हणजे सुरू केल्यापासून किती मिनिटं मिळणार, आणि 'क्लोज द क्विझ' म्हणजे चाचणी सगळ्यांसाठी किती वाजता बंद होणार. यांतली जी आधी येईल ती लागू होते. तुमच्या शिक्षकांनी ११ ते १२ अशी खिडकी ठेवली आणि मर्यादाही ६० मिनिटांचीच दिली. त्यामुळे ११ वाजून १ मिनिटानंतर आलेल्या प्रत्येकाचा वेळ कापला गेला. हा मशीनचा बिघाड नाही, सेटिंगची चूक आहे. ११.२० पर्यंत सुरुवात करू द्यायची असेल, तर बंद होण्याची वेळ १२.२० हवी.

शिक्षकांकडे लेखी अर्ज करा. चाचणी कधी सुरू झाली, कोणतं पान किती वाजता पाठवलं, हे सगळं मूडलच्या नोंदींत असतं. शिक्षकांना ते दिसतं. त्यांना चाचणीच्या 'ओव्हरराइड्स'मध्ये जाऊन फक्त तुमच्या नावावर नवी वेळ आणि आणखी एक प्रयत्न देता येतो. बाकी वर्गाला त्याचा धक्का लागत नाही.

वेळ संपल्यावर अर्धवट पेपरचं काय होतं, हेही आधीच विचारून ठेवा. एका पर्यायात तो आपोआप जमा होतो. दुसऱ्या पर्यायात मात्र वेळेआधी स्वतः 'सबमिट' केलं नाही तर तो धरलाच जात नाही. आमच्या मते हा दुसरा पर्याय नेटवर्क कच्चं असलेल्या भागात कुणी वापरूच नये.

मूडल लिहिलेलं उत्तर साधारण मिनिटाभराने स्वतःच साठवतं. मध्येच नेट गेलं तर तसा इशारा पानावर येतो. अशा वेळी पान रिफ्रेश करू नका. गेल्या दोन-तीन मिनिटांत लिहिलेलं कागदावर उतरवून घ्या, नेट परत येऊ द्या, इशारा गेला की मगच पुढच्या पानावर जा. आणि एकच पेपर दोन टॅबमध्ये उघडू नका. जुन्या टॅबमधून उत्तर पाठवलं की प्रश्नांचा क्रम चुकल्याची सूचना येते आणि ते उत्तर स्वीकारलं जात नाही.

प्रश्न : मराठी व्याकरणाची चाचणी गूगल फॉर्मवर घेतली. एका रिकाम्या जागेचं उत्तर 'दुसऱ्या' होतं. अनेक मुलांनी अगदी हेच लिहिलं, तरी फॉर्मने चूक दिली. दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहिले, काडीचा फरक नाही. (शिक्षिका, नाशिक)

डोळ्यांना फरक दिसणार नाही, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. अर्धा र, म्हणजे ऱ्य, ऱ्ह यांतला तो आडवा र, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीत) दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य असं टाकतात. काही साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य टाकतात. पडद्यावर आकृती एकच उमटते, पण साठवलेले संकेत वेगळे असतात. फॉर्म उत्तर तपासताना आकृती बघत नाही, संकेत जुळवतो.

खात्री करायची असेल तर उत्तरं गूगल शीटमध्ये उतरवा आणि शेजारच्या रकान्यात साठवलेले संकेत मोजणारं 'लेन' हे सूत्र लावा. पहिल्या प्रकारच्या 'दुसऱ्या'ची लांबी ७ येईल, दुसऱ्या प्रकारची ८. वाढलेला एक म्हणजे ते अदृश्य जोडचिन्ह. 'ॲप' या शब्दाचंही असंच होतं: अक्षर एकसंध टाकलं तर लांबी २, अ वर चंद्र वेगळा टाकला तर ३. मुलांनी शब्दानंतर चुकून स्पेस दिली तरी लांबी एकने वाढते.

झालेल्या पेपरसाठी 'रिस्पॉन्सेस'मध्ये प्रश्नवार तपासणी उघडा. फॉर्म सारखी उत्तरं एका गटात दाखवतो. 'दुसऱ्या'चे दोन गट दिसतील. दोन्हींना बरोबर द्या आणि गुण पुन्हा जाहीर करा. मूडलवर असाल तर प्रश्नात दुसरं रूपही उत्तर म्हणून घाला आणि निकालाच्या पानावरून 'रीग्रेड' करा.

पुढच्या वेळी उत्तरसूचीत दोन्ही रूपं आधीच भरा. स्वतःच्या कीबोर्डवर एकच रूप उमटतं, तेव्हा दुसरं मुलांच्याच जुन्या उत्तरांतून कॉपी करून घ्या. संख्या विचारली असेल तर मराठी आकडे हवेत की इंग्रजी, हे प्रश्नातच लिहा. आणि शुद्धलेखन तपासायचं नसेल तिथे सरळ बहुपर्यायी प्रश्न द्या. मुलाचा शब्द बरोबर असूनही त्याला शून्य मिळावं, हे व्याकरणाच्या पेपरात तर मुळीच होता कामा नये.

प्रश्न : माझा प्रकल्प मी कृतिदेवमध्ये टाइप केला. शिक्षकांच्या संगणकावर तो सगळा इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. (विद्यार्थी, एम.ए. इतिहास, जालना)

कृतिदेवमध्ये मराठी साठतच नाही. तुम्ही इंग्रजी 'डी' दाबता, फाइलमध्ये 'डी'च राहतो, फक्त फॉन्ट त्या जागी 'क'चं चित्र काढतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. वर्डमधून पीडीएफ करून पाठवलात तर फॉन्ट सोबत जातो आणि वाचता येतं, पण साहित्यचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आत मराठी सापडत नाही. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि नंतर डोळ्यांखालून घाला. चुका मुख्यतः पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांत होतात, कारण कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर.

प्रश्न : मुलाची लेखी परीक्षा घरून असते. पेपर संपल्यावर उत्तरपत्रिका अपलोड करायला ३० मिनिटं मिळतात, मर्यादा १० एमबी. १६ पानांचे फोटो काढले की फाइल अवाढव्य होते आणि चक्र फिरतच राहतं. (पालक, चाळीसगाव)

आधी हिशेब पाहा. फोनच्या कॅमेऱ्याचा एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. १६ पानं म्हणजे ६४ एमबी. तुमच्या भागात अपलोडचा वेग १ एमबीपीएस (सेकंदाला १ मेगाबिट, म्हणजे एमबीचा आठवा भाग) धरला, तर सेकंदाला जेमतेम १२५ केबी वर जातं. म्हणजे ६४ एमबीला साडेआठ मिनिटं, तीही नेट एकदाही न तुटता. त्यात मर्यादा १० एमबीची, म्हणजे ही फाइल स्वीकारलीच जाणार नाही.

म्हणून फोटो काढूच नका, स्कॅन करा. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये 'स्कॅन' आहे, आयफोनवर 'नोट्स' किंवा 'फाइल्स'मध्ये. सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये येतात, कडा आपोआप कापल्या जातात आणि पान साधारण ३०० केबीत बसतं. १६ पानं मिळून ५ एमबीच्या आसपास. पूर्ण काळं-पांढरं फिल्टर सर्वांत हलकं असतं, पण पेन्सिलीच्या आकृत्या त्यात पुसट होतात किंवा गायब होतात. आकृत्या असतील तर करडं फिल्टर घ्या. कागद खिडकीशेजारी ठेवा. ट्यूब डोक्यामागे असली की फोनचीच सावली पानावर पडते. आयफोनवर फोटोच काढावे लागले, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स' खाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा, नाहीतर फोटो एचईआयसी प्रकारात साठतात आणि बरेच पोर्टल ते नाकारतात.

क्रमही महत्त्वाचा आहे. अपलोडच्या पानावर कॅमेऱ्याचं बटण असतं, ते दाबू नका. २-३ जीबी रॅमच्या फोनवर कॅमेरा उघडला की मागचा ब्राउझर बंद पडतो, परत आल्यावर पान नव्याने लोड होतं आणि आधी जोडलेली पानं जातात. आधी स्कॅन पूर्ण करा, मग ब्राउझर उघडा. पहिली १० मिनिटं स्कॅनला, ५ मिनिटं पानांचा क्रम आणि अक्षर तपासायला, आणि १५ व्या मिनिटाला अपलोड सुरू, असं ठरवा; म्हणजे एकदा फसलं तरी दुसऱ्यांदा करायला वेळ उरतो. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस न देता, आसनक्रमांक आणि विषय एवढंच. काही सर्व्हर देवनागरी नावावर अडखळतात.

फाइल लहान करून देणाऱ्या वेबसाइटींच्या नादी परीक्षेच्या वेळी लागू नका. तिथे मोठी फाइल वर चढवायची, लहान झालेली उतरवायची आणि पुन्हा पोर्टलवर चढवायची. ज्या नेटवर एक फेरी होत नाही, त्यावर तीन होतात.

प्रश्न : असाइनमेंट मुदतीच्या दोन दिवस आधी टाकली. पानावर माझी फाइल मला दिसते. सर म्हणतात, आलीच नाही. (विद्यार्थिनी, अभियांत्रिकी पदविका, अकोला)

पानावरची स्थिती वाचा. तिथे 'ड्राफ्ट, नॉट सबमिटेड' असं असेल, तर फाइल चढली आहे पण तुम्ही ती सुपूर्द केलेली नाही. काही असाइनमेंटना फाइल साठवल्यानंतर 'सबमिट असाइनमेंट' असं वेगळं बटण दाबावं लागतं. गूगल क्लासरूममध्ये त्याच कामाला 'टर्न इन' आहे. तुमच्या प्रकरणात फाइल साठवल्याची तारीख पोर्टलवर दिसते. ती सरांना दाखवा, मुदतीआधी काम झालं होतं याचा तो पुरावा आहे. यापुढे स्थिती बदललेल्या पानाचा, घड्याळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवत जा.

प्रश्न : पेपर चालू असताना दुसऱ्या सिमवर फोन आला की नेट जातं. शिवाय वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. (विद्यार्थी, कणकवली)

बऱ्याच दोन सिमांच्या फोनमध्ये एका सिमवर कॉल चालू असेपर्यंत दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. 'डू नॉट डिस्टर्ब' लावून फक्त आवाज बंद होतो, कॉल येतच राहतो. पेपरपुरतं ते सिम सेटिंगमधून बंदच करा.

विजेसाठी: घरी वायफाय असेल तर राऊटरच्या ॲडॉप्टरवरचे आकडे वाचा. बहुधा १२ व्होल्ट असतं, अँपिअर १ ते २. तेवढ्याच व्होल्टचा आणि तितके किंवा जास्त अँपिअर देणारा राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो. फायबरची जोडणी असेल आणि भिंतीवरची पेटी वेगळी असेल, तर तिलाही यूपीएस लागतो. राऊटरचे दिवे चालू आणि नेट बंद, असं होतं ते याच पेटीमुळे. पेपरच्या आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून अर्धा तास चालवून बघा.

प्रश्न : जर्मनीत राहून भारतातला अभ्यासक्रम करते. मुदत रात्री ११.५९ म्हणजे नक्की कुणाची रात्र? (वाचक, म्युनिक)

संस्थेने वेगळं सांगितलं नसेल तर भारताची धरा. हिवाळ्यात तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे ७.२९ वाजलेले असतात, उन्हाळ्यात ८.२९. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमचं घड्याळ मागे जातं आणि त्याच दिवसापासून मुदत तुमच्यासाठी तासभर आधी येते. मूडलच्या प्रोफाइलमध्ये स्वतःचा टाइमझोन 'युरोप, बर्लिन' ठेवलात, तर सगळ्या मुदती म्युनिकच्या वेळेत दिसतील.

प्रश्न : गूगल फॉर्मवर १२० विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका मागवल्या. शंभरेक आल्यावर फॉर्मने फाइल घेणं बंद केलं. (प्राध्यापक, लातूर)

फाइल मागवणाऱ्या फॉर्मला एकूण आकाराची मर्यादा असते आणि ती बदलली नाही तर १ जीबी असते. प्रत्येकाने १० एमबी पाठवलं तर १२० जणांचं १.२ जीबी होतं, म्हणजे शेवटचे वीस जण बाहेर. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ही मर्यादा वाढवा. मग ज्या खात्यावरून फॉर्म केला त्याचं ड्राइव्ह तपासा: सगळ्या फाइली तिथेच उतरतात, आणि मोफत खात्याच्या १५ जीबीत जीमेल आणि फोटोही मोजले जातात. ज्यांची उत्तरपत्रिका अडली त्यांना आजच ईमेलने पाठवायला सांगा, आणि उशिराचा शेरा मारू नका. अडथळा त्यांच्या बाजूचा नव्हता.