टस्कीगीच्या शाळेने कृष्णवर्णीयांना फक्त हातकामात अडकवलं का?

नाही. टस्कीगी ही अमेरिकेत गुलामी संपल्यावर कृष्णवर्णीयांसाठी निघालेली शाळा. प्रश्नात तुम्ही 'फक्त हातकाम' म्हणालात, म्हणून लिहायला बसलो.

मी आयटीआयचा फिटर. सुरुवातीचे कितीतरी दिवस हातात नुसती कानस. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि काटकोनात येईपर्यंत घासायचा. सर त्याला गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. मधून उजेडाची रेघ दिसली की जॉब परत. माझा तीनदा परत आला. तळहाताला फोड, फोडांवर चिंधी. चौथ्यांदा रेघ दिसली नाही. सर काही बोलले नाहीत, त्यावर माझा नंबर ठोकला. त्याच महिन्यात घरच्या लग्नात, भर पंगतीत थोरला चुलतभाऊ म्हणाला, "डोकं चालत नाही त्यांच्यासाठी आयटीआय." वडील खाली मान घालून जेवत राहिले. ती मान मी विसरलेलो नाही.

म्हणून टस्कीगीच्या विटा मला जवळच्या वाटतात. १८८१ साली अलाबामा राज्याने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले, तेही शिक्षकांच्या पगारापुरते. इमारत नाही, जमीन नाही. गुलामीत जन्मलेले बुकर टी. वॉशिंग्टन शाळेचे प्रमुख. त्यांनी मुलांना घेऊन विटा पाडायला घेतल्या. पहिली भट्टी फसली. दुसरीही. तिसरी आठवडाभर भाजून होत आली आणि एका रात्री ढासळली. मग स्वतःचं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकून त्यांनी चौथी लावली, ती साधली. पुढे आसपासचे गोरे लोकही तिथूनच विटा नेऊ लागले, कारण माल चोख होता. याला डोकं लागत नाही?

त्या कॅम्पसच्या इमारतींचे नकाशे काढणारे रॉबर्ट टेलर हे एमआयटीचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. १८९६ साली शिकवायला आलेले शेतीतज्ज्ञ कार्व्हर तर मराठी घरांत माहीतच आहेत. शिवाय ही शाळा मुळात शिक्षक घडवायला काढलेली, हे टीका करणारे विसरतात. खेड्यांतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी उद्योगपती रोझनवाल्ड यांच्या मदतीने अमेरिकेच्या दक्षिणेत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या, ते काम टस्कीगीतूनच सुरू झालं. १९८५ पासून ती संस्था विद्यापीठ आहे.

एक मात्र मान्य करतो. १८९५ च्या अटलांटाच्या भाषणात वॉशिंग्टन यांनी सामाजिक समतेचा आग्रह बाजूला ठेवला. कृष्णवर्णीयांचा मताचा हक्क हिरावला जात होता तेव्हा त्यांनी खटल्यांना पैसे पुरवले, पण गुपचूप. यावर टीका करणारे कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांचा राग रास्त होता. पण त्यात विटांचा काय दोष?

तुमच्या घरातलं कुणी आयटीआयला जायचं म्हणत असेल तर जाऊ द्या. पुढचं शिक्षणही तोडू नका. मी चौतिसाव्या वर्षी नोकरी सांभाळून डिप्लोमा केला. भाऊ पेढे घेऊन आला होता. पंगतीतलं ते वाक्य मात्र त्याने अजून मागे घेतलेलं नाही.