नेट गेलं तरी घर चाललं पाहिजे : वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे स्मार्ट स्विच, कॅमेरे आणि पंपांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहायचं की घरातल्या घरात सगळं चालवायचं? त्यांतली सहा निवडली आहेत.

घरात सहा वायफाय स्विच आणि चार बल्ब आहेत, सगळे एकाच ॲपवर. पावसात फायबर तुटली की वायफाय चालू असूनही अर्धी उपकरणं ‘ऑफलाइन’ दिसतात आणि रोज सात वाजता लागणारा अंगणातला दिवा लागत नाही. सगळं काढून नवं घ्यावं का?
*एक वाचक, फोंडा*

इतक्यात काढू नका. आधी नक्की काय बंद पडतं ते तपासा. राऊटर चालू ठेवून त्याची ‘वॅन’ लिहिलेली, म्हणजे बाहेरून नेट आणणारी केबल तेवढी काढा, फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि एकेक स्विच ॲपवरून चालवून बघा. जे चालतील ते मेन स्विचवरून एकदा बंद करून पुन्हा चालू करा आणि परत बघा. ही दुसरी पायरी लोक गाळतात. काही उपकरणं नेट असताना सर्व्हरशी एकदा जोडली गेली की तेवढ्या पुण्याईवर चालत राहतात, पण वीज जाऊन आली की अडून बसतात. आपल्याकडे वीज आणि नेट बहुधा जोडीनेच जातात, त्यामुळे खरी परीक्षा तीच. वेळापत्रकाचंही तसंच. स्विचच्या आत घड्याळ टिकवणारी बॅटरी नसते. वीज परत आल्यावर तो नेटवरून वेळ मागतो आणि ती मिळाली नाही तर सात कधी वाजले हे त्याला कळत नाही.

तुमची उपकरणं तुया कंपनीच्या पायावर बनलेली असावीत. भारतात विकले जाणारे बरेच स्वस्त ब्रँड आतून तेच असतात. ती होम असिस्टंट या, घरातल्याच छोट्या संगणकावर (हबवर) चालणाऱ्या मोफत प्रणालीला ‘लोकलतुया’ किंवा ‘तुया लोकल’ या जोडणीतून थेट जोडता येतात. त्यासाठी प्रत्येक उपकरणाची ‘लोकल की’, म्हणजे त्याच्याशी थेट बोलण्याची गुप्त कळ लागते. तुयाच्या डेव्हलपर संकेतस्थळावर खातं काढा, एक क्लाउड प्रोजेक्ट बनवा आणि डेटा सेंटर निवडताना तुमच्या ॲपचं खातं ज्या विभागात आहे तोच विभाग घ्या. हा विभाग चुकला की उपकरणांची यादी रिकामी दिसते. मग क्यूआर कोड ॲपमधून स्कॅन करून खातं जोडा आणि उपकरणांचे आयडी व कळा उतरवून घ्या. या सेवेची चाचणी-मुदत पुढे संपली तरी चालतं, कारण उतरवलेल्या कळा बदलत नाहीत. उपकरण ॲपमधून काढून पुन्हा जोडलं तर मात्र कळ नवी होते.

यात तीन ठिकाणी गाडी अडते. राऊटरमध्ये प्रत्येक उपकरणाला कायमचा आयपी पत्ता राखून ठेवला नाही, तर राऊटर रीस्टार्ट झाल्यावर जोडणी सुटते. दुसरं म्हणजे जुनी उपकरणं एका वेळी एकच स्थानिक जोडणी स्वीकारतात. घरात कुणाच्या फोनवर मूळ ॲप उघडं असेल तर होम असिस्टंटला दार बंद. तिसरी अडचण सहसा ध्यानात येत नाही. उपकरणाचं नेट राऊटरमधून अडवताना फक्त बाहेरची वाट बंद केली आणि डीएनएस (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा) सुरू राहिलं, तर ते सर्व्हर शोधत राहतं आणि घरातल्या आदेशालाही उत्तर देत नाही. अडवायचं तर दोन्ही अडवा.

पुढची खरेदी करताना मात्र पाकिटावर मॅटरची (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घरातल्या घरात जोडणाऱ्या सामाईक मानकाची) खूण किंवा झिग्बी (वायफायहून वेगळी, कमी विजेची बिनतारी पद्धत) बघा. शेली कंपनीची किंवा ईएसपीहोम या मोफत सॉफ्टवेअरवर चालणारी उपकरणंही उत्तम. इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये आगाऊ सूचना न देता बंद झाले. बेल्किनने वेमो या आपल्या स्मार्ट मालिकेतल्या बहुतेक उपकरणांचा आधार जानेवारी २०२६ अखेर संपवण्याचं २०२५ मध्येच जाहीर केलं होतं. कंपनी लहान असो वा मोठी, सर्व्हर तिचा आणि निर्णयही तिचाच.

कुळागरातला दीड एचपीचा पंप १६ अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर लावला होता. काही महिन्यांत प्लग ‘बंद’ दाखवू लागला, पण पंप चालूच राहायचा. प्लग खराब निघाला म्हणायचं का?
*एक बागायतदार, वाळपई*

प्लगचा दोष नाही. त्यावरचे १६ अँपिअर गीझर-इस्त्रीसारख्या उष्णतेच्या भारासाठी असतात. दीड एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ९-१० अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाचसहा पट. त्या झटक्यात रिलेचे, म्हणजे प्लगच्या आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे संपर्क-बिंदू एकमेकांना चिकटतात. मग आतलं यंत्र ‘बंद’ म्हणतं आणि तांबं मात्र जोडलेलंच राहतं.

पंपाला कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की जोडला जाणारा दणकट स्विच लावा. एसी-३ या मोटरसाठीच्या वर्गात किमान १८ अँपिअरचा, २३० व्होल्ट कॉइलचा. २५ चा घेतलात तर आणखी बरं. स्मार्ट रिले फक्त या कॉइलला वीज देईल. कॉइल सुटताना उलटा झटका मारते आणि त्याने रिलेचं मॉड्यूल रीसेट होतं, म्हणून कॉइलच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा आरसी स्नबर (झटका शोषून घेणारा कपॅसिटर-रेझिस्टरचा जोड) बसवा. ओव्हरलोड रिले (जास्त अँपिअर गेले की मोटर तोडणारा) मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावा. तुमचा स्टार्टर हिरवं बटण दाबून चालणारा असेल तर नुसती मागून वीज देऊन पंप सुरू होणार नाही. त्या स्टार्टरचं वायरिंग वायरमनकडून बदलून घ्यावं लागेल.

दोन गोष्टी सॉफ्टवेअरवर सोडू नका. विहिरीतला फ्लोट स्विच कॉइलच्या वायरमध्येच मालिकेत जोडा, म्हणजे पाणी खाली गेलं की कोणत्याही आदेशाविना पंप थांबेल. आणि ‘इतक्या मिनिटांनी आपोआप बंद’ ही मर्यादा मॉड्यूलच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये घाला. हब मधेच बंद पडला तरी पंप रात्रभर चालणार नाही. वीज परत आल्यावरची स्थिती ‘बंद’च ठेवा. ‘पूर्वीप्रमाणे’ नको.

होम असिस्टंटसाठी रास्पबेरी पाय घ्यावा की तयार डबा?
*एक वाचक, डिचोली*

घरात रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक पडून असेल तर वापरा, पण मेमरी कार्डावर नको. होम असिस्टंट प्रत्येक सेन्सरची नोंद सतत लिहीत असतो आणि कार्ड त्या लिखाणाने झिजतं. त्यात वीज मधेच गेली की फाइली बिघडतात. यूएसबीने एसएसडी जोडा. नव्याने घ्यायचं असेल तर आमचा कौल होम असिस्टंट ग्रीन या तयार डब्याला. त्यात साठवण आतच आहे आणि तो १२ व्होल्टवर चालतो. राऊटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस त्यालाही पुरतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात आणि मिनी यूपीएसचं यूएसबी तोंड सहसा तेवढं देत नाही. ओएनटी (फायबर जिथे येते तो डबा), राऊटर आणि हब हे तिघे यूपीएसवर हवेतच, कारण राऊटर मेला की ‘स्थानिक’ वायफायही मेलं.

पाय ४ मध्येही बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज आली आणि नेट आलं नाही, तर त्याचं घड्याळ वीज गेली त्या सुमारापासून पुढे चालू लागतं. तासभर वीज नव्हती तर दिवा तासभर उशिरा लागेल. डीएस३२३१ हे छोटं घड्याळ-मॉड्यूल त्यावर उपाय आहे. बॅकअपची कूटकळ कागदावर लिहून ठेवा. ती त्याच डब्यात राहिली तर डबा गेल्यावर बॅकअप उघडणार नाही.

जुनं चिऱ्यांचं घर आहे. हॉलमधून मागच्या पडवीतला झिग्बी सेन्सर सतत सुटतो.
*एक वाचक, साखळी*

दीड फुटी चिऱ्याची भिंत, त्यात पावसाळ्यातली ओल. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी तिथेच मरतात. भिंतीतून मार्ग काढण्यापेक्षा दारातून काढा : हॉल, मधली खोली आणि पडवी अशा ओळीत दारांजवळ झिग्बी प्लग लावा. सतत विजेवर असलेली उपकरणंच संदेश पुढे पाठवतात, बॅटरीवरची नाहीत. या कामाला स्मार्ट बल्ब नकोत. आजीने भिंतीवरचं बटण बंद केलं की साखळी तुटली. झिग्बीचा डाँगल (हबला झिग्बीशी जोडणारी यूएसबी काडी) हबला थेट न खोचता मीटरभराच्या यूएसबी एक्स्टेंशनवर लांब ठेवा, कारण यूएसबी ३ च्या तोंडातून याच पट्ट्यात गोंगाट होतो. राऊटर वायफाय चॅनेल १ किंवा ६ वर असेल तर झिग्बीला २५ द्या. चॅनेल सुरुवातीलाच ठरवा, नंतर बदललात तर काही सेन्सर पुन्हा जोडावे लागतात.

ॲलेक्सा नेटशिवाय चालेल का?
*एक वाचक, काणकोण*

बोलणं समजून घेण्याचं काम सर्व्हरवर होतं, त्यामुळे नाही असंच धरा. ठेवा, पण दिवा लावायचा तो एकमेव मार्ग नको. चवथीला पाहुण्यांनी भरलेल्या घरात भिंतीवरच्या बटणाला पर्याय नाही.

आम्ही पुण्यात असतो, पेडण्याचं घर बंद. सगळं स्थानिक केलं तर इथून कॅमेरा कसा बघायचा? राऊटरमध्ये पोर्ट उघडून पाहिलं, जमलं नाही.
*एक वाचक, पुणे*

राऊटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. पोर्ट उघडून उपयोग नाही. आणि उपयोग झाला असता तरी होम असिस्टंटचा ८१२३ किंवा कॅमेऱ्याचा ५५४ पोर्ट जगाला उघडा ठेवणं शहाणपणाचं नव्हे. होम असिस्टंटमध्ये टेलस्केल (तुमच्याच उपकरणांना जोडणारं खाजगी जाळं बनवणारं ॲप) घाला, फोनवरही घाला आणि दोन्हीकडे एकाच खात्याने शिरा. घरातूनच बाहेर जोडणी होत असल्याने सीजीनॅट आड येत नाही. यात टेलस्केलचा सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, एवढं बाहेरचं अवलंबन मान्य करावं लागतं. पण तो बंद पडला तरी घरातले दिवे आणि पंप चालू राहतात.

कॅमेरा ओएनव्हीआयएफ आणि आरटीएसपी (कंपनीच्या ॲपशिवाय कॅमेरा जोडण्याची आणि चित्र घेण्याची सामाईक मानकं) दोन्ही चालणारा घ्या आणि राऊटरमधून त्याचं नेट बंद करा. चित्रण आतल्या कार्डावर होऊ द्या. २ मेगाबिटच्या प्रवाहाने दिवसाला सुमारे २१.६ जीबी भरतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डावर साडेपाच ते सहा दिवसांचं राहतं. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचंच घ्या. पुण्याहून बघताना कमी दर्जाचा दुसरा प्रवाह निवडलात तर गावच्या अपलोडवर ताण येणार नाही.