माझा स्वभाव अबोल आहे. नोकरीसाठी सोलापूर सोडायचं तर पुणे बरं की मुंबई?

आधी एक आठवा: संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तुम्ही रमता, की तासाभरात घरची ओढ लागते? गर्दीने जीव घुसमटत असेल, तर मुंबईची लोकल रोज सोसणार नाही. पण नुसतं अबोल असणं हे मुंबई टाळायचं कारण नव्हे. तिथे चाळीत नाही, पण मोठ्या इमारतींत कुणी फारशी विचारपूस करत नाही, आणि अबोल माणसाला ते सुखाचंच वाटतं.

तरी मी पुणे म्हणेन. अंतर सुमारे २५० किलोमीटर. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस धरली की साधारण चार तासांत पोचता. नव्या गावात पटकन मैत्री न जमणाऱ्याला शनिवार-रविवार घरी येता येणं फार मोलाचं असतं. पगारापेक्षा मी तेच आधी बघेन.