अभिनेत्री शशिकला मूळच्या सोलापूरच्याच का, आणि त्यांनी केवळ खलनायिकाच रंगवल्या का?

होय, शशिकला (माहेरच्या जवळकर) यांचा जन्म १९३२ साली सोलापुरातच झाला. केवळ खलनायिका रंगवल्या, हे मात्र बरोबर नाही. वडिलांचा व्यवसाय बुडाल्यावर कुटुंब मुंबईला गेले आणि काम शोधत असताना त्यांची गाठ नूरजहाँ यांच्याशी पडली, त्यामुळे १९४५ च्या ‘झीनत’मधील कव्वालीत त्यांना लहानशी संधी मिळाली. पुढे बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त (१९५९) त्यांनी घरातील लाडक्या, अल्लड मुलीची भूमिका केली, तर हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनुपमा’त (१९६६) अबोल नायिकेच्या शेजारी त्यांची बडबडी, आनंदी मैत्रीण उठून दिसते, माझ्या मते त्यांचा खरा आवाका या दोन चित्रपटांतच कळतो.

खलनायिकेचा शिक्का बसण्याचे कारण फिल्मफेअर पुरस्कारांच्या यादीत सापडते. सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना लागोपाठ दोन वर्षे मिळाला, तोही ‘आरती’ (१९६२) आणि ‘गुमराह’ (१९६३) यांमधील कुटिल स्त्रियांच्या भूमिकांसाठी. ‘गुमराह’मधील त्यांची ब्लॅकमेल करणारी स्त्री इतकी प्रभावी ठरली, की निर्मात्यांनी त्यांच्याकडे वारंवार तशाच भूमिका सोपवाव्यात यात नवल नाही. अर्थात, सोलापूरशी त्यांचे नाते जन्म आणि बालपण एवढ्यापुरतेच होते; त्यांची सारी चित्रपट-कारकीर्द मुंबईतच घडली. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.